न्यू जर्सी: आईसाठी नर्सिंग होम निवडायचंय, परवापर्यंत नाव द्यायचंय

शेवगा
आई, वय 78. स्ट्रोक, उजवी बाजू कमजोर, गिळायला त्रास. हॉस्पिटलच्या केस मॅनेजरने रिहॅबसाठी (थेरपीने पुन्हा हिंडता-फिरता येण्यासाठी) पाच नर्सिंग होमची, म्हणजे आजारी-म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणाऱ्या केंद्रांची, यादी दिलीय, परवा सकाळी दोन नावं कळवायची आहेत. ग्रीन कार्डवर सहा वर्षं झाली, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, विकत घेतलाय. शाकाहारी, इंग्रजी येस-नो पुरतं. पुढे तिथेच राहावं लागलं तर महिना 9 हजार डॉलरच्या वर झेपणार नाही. केअर कंपेअरवर (मेडिकेअरची तारे देणारी साइट) एक 5 ताऱ्यांचं (घरापासून 45 मिनिटं), एक 4, दोन 3, आणि एक 2 ताऱ्यांचं (10 मिनिटं). इन्स्पेक्शन रिपोर्ट कसे वाचायचे?

एडिसनकाका
5 तारे म्हणजे 5 तारे. फार डोकं चालवू नका. आणि आईच्या बाबतीत 9 हजार नि 10 हजार काय करता?

रात्रपाळी
काका, एकूण तारे सगळ्यात शेवटी बघायचे. हिशोब असा: आधी हेल्थ इन्स्पेक्शनचे तारे धरतात. मग स्टाफिंगला 5 असतील तर एक वाढतो, 1 असेल तर एक कमी होतो. क्वालिटी मेझर्सचंही (रहिवाशांच्या तब्येतीचे आकडे) तसंच. यातले बरेचसे क्वालिटी मेझर्स त्या होमनेच भरलेल्या माहितीवरून निघतात, म्हणजे स्वतःच पेपर लिहायचा. इन्स्पेक्शनचे तारे मात्र बाहेरचे लोक येऊन देतात, आणि तेही राज्यातल्या राज्यात तुलना करून: वरच्या 10 टक्क्यांना 5, खालच्या 20 टक्क्यांना 1. म्हणून पाचही होमचे फक्त इन्स्पेक्शनचे तारे एका ओळीत लिहून काढा.

मग रिपोर्ट उघडा. फॉर्म 2567, म्हणजे इन्स्पेक्शनमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी. प्रत्येक त्रुटीला ए ते एल असं अक्षर असतं. डी सगळीकडे सापडतं, दोन-चार डी बघून घाबरू नका. जी म्हणजे कुणाला तरी प्रत्यक्ष इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवाशी खेळ. ताऱ्यांच्या हिशोबात साध्या डीला 4 गुण, जीला 20, जेला 50. जितके गुण जास्त तितकं होम वाईट. अक्षराशेजारी एफ टॅग असतो, म्हणजे कोणता नियम मोडला त्याचा नंबर. तुमच्या आईसाठी महत्त्वाचे 686 (बेडसोअर, पडून राहून होणाऱ्या जखमा), 689 (पडणं, अपघात) आणि 725 (अपुरा स्टाफ). नावाशेजारी लाल हाताचं चिन्ह दिसलं तर ते होम यादीतून काढा, तो अब्यूजचा (छळ, गैरवागणुकीचा) शेरा आहे.

पिंपळपान
एवढे डॉलर घालवण्यापेक्षा पुण्याला न्या. दिवसपाळीची एक बाई, रात्रपाळीची एक, फिजिओ घरी येतो. तिकडे माणसं तरी आपली असतात.

हिशोबनीस
गिळायला त्रास असलेल्या माणसाला स्ट्रोकनंतर लगेच सोळा तासांच्या विमानात बसवायचं? डॉक्टर फिट टू फ्लाय लिहून देणार आहे का? मूळ प्रश्नाकडे वळा.

शेवगा, आधी एक गोष्ट आजच विचारा: आई "इनपेशंट" म्हणून दाखल आहे की "ऑब्झर्व्हेशन"वर (भरती न करता नुसती देखरेख)? ओरिजिनल (थेट सरकारी) मेडिकेअरला रिहॅबचे पैसे देण्यासाठी सलग तीन दिवस इनपेशंट लागतं, डिस्चार्जचा दिवस त्यात धरत नाहीत. बेड तोच, नर्स त्याच, पण कागदावर ऑब्झर्व्हेशन असेल तर सगळं बिल तुमच्यावर. तीन दिवस भरले असतील तर पहिले 20 दिवस पूर्ण, 21 ते 100 रोजचा हिस्सा तुमचा (2025 मध्ये दिवसाला 209.50 डॉलर). आणि 100 दिवस हक्काचे नाहीत. स्किल्ड केअरची (नर्स-थेरपिस्टनेच करायच्या कामाची) गरज संपली म्हटलं की थांबतं. दोन दिवस आधी नोटीस येते. तिच्यावर अपील करायचं असेल तर कव्हरेज संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी 12 च्या आत, नोटिशीवरच्याच नंबरला.

9 हजारांत न्यू जर्सीत लाँग टर्म बेड मिळणं कठीण. मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) विचार असेल तर मागच्या 60 महिन्यांत कुणाला काही बक्षीस (पैसे, मालमत्ता फुकट) दिलंय का ते बघतात. आईचा भारतातला फ्लॅट भावाच्या नावावर केला असेल तर तोही धरून चाला, आणि एल्डर लॉ वकिलाशी आत्ताच बोला.

एडिसनकाका
म्हणजे मी म्हणालो तेच, 5 तारेवालं घ्या. दहा हजार काय नि बारा हजार काय.

रात्रपाळी
काका 🙏

जाऊन बघायचं तर रविवारी संध्याकाळी 6 च्या सुमारास, फोन न करता. मंगळवारी 11 ला टूर घेतली तर फुलदाणी आणि मार्केटिंगची बाई एवढंच दिसतं. दर्शनी जागी दर शिफ्टच्या नर्सिंग स्टाफचा कागद लावणं बंधनकारक आहे, त्यावर त्या दिवशीची रहिवाशांची संख्याही असते. आधी तारीख बघा, शुक्रवारचाच कागद रविवारी लटकत असेल तर बाकी सांगायला नको. मग भागाकार. न्यू जर्सीचा 2021 पासूनचा नियम: दिवसा 8 जणांमागे 1 सीएनए (प्रशिक्षित मदतनीस), संध्याकाळी 10 मागे 1 थेट काळजी घेणारी व्यक्ती (त्यातल्या निम्म्या तरी सीएनए), रात्री 14 मागे 1. 96 रहिवासी असतील तर दिवसा 12 हव्यात. कागदावर 9 असतील तर एकीच्या वाट्याला जवळजवळ 11. दर दोन तासांनी कूस बदलणं तिथेच राहून जातं, आणि 686 नंतर येतो.

केअर कंपेअरवर वीकेंडचा स्टाफ आणि नर्सिंग टर्नओव्हर (नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) वेगळे दिलेले असतात, तेही बघा. ते आकडे पगारपत्रकावरून जातात, तिथे थापा मारणं अवघड.

पिंपळपान
पुण्यात असला भागाकार करावा लागत नाही, एकास एक.

सुगरण_एनजे
कुणी जेवणाचं बोललंच नाही! गिळायला त्रास आहे म्हणजे स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस येते ते विचारा. "गरजेप्रमाणे" हे उत्तर नाही, वार सांगा म्हणायचं. पातळ पदार्थ किती घट्ट करून द्यायचे ते तीच ठरवते. घरून नेलेलं वरण तिला दाखवल्याशिवाय भरवू नका, वर पाणी सुटलं की ठसका लागतो आणि फुप्फुसात जातं. मऊ भात वरणासोबत मिक्सरमधून काढून गाळायचा, फोडणीतली मोहरी-कढीपत्ता नको. शाकाहारी म्हणजे चिकन सूपही नाही, हे डाएटिशियनकडून चार्टमध्ये लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं शिफ्टबरोबर बदलतं.

शेवगा
सर्वांचे आभार. इनपेशंट चार दिवस, तपासलं. काल पाचांपैकी तीन ठिकाणी जाऊन आलो. 5 तारेवाल्याचे इन्स्पेक्शनचे तारे 3 च निघाले, बाकीचे दोन वाढीव. शिवाय स्पीच थेरपिस्ट मंगळवार-गुरुवारच. 2 तारेवाल्याला 689 खाली एक जी आहे, दोन वर्षांपूर्वीचा. त्यानंतर फक्त डी. कागद कालच्याच तारखेचा, 88 रहिवासी, दिवसपाळीला 11 सीएनए, त्यातल्या दोघी गुजराती बोलतात. 2 तारेवालंच पहिलं नाव म्हणून देतोय. ऑफिसातून निघून रोज साडेपाचला पोचता येईल, रात्रीचं जेवण मीच भरवीन.

एडिसनकाका
2 तारे?? मग धागा कशाला काढला?

रात्रपाळी
मी 3 तारेवाल्यांपैकी एक घेतलं असतं. जीचा रिपोर्ट अख्खा वाचलात ना? लिफ्टवरून (पेशंटला उचलायचं यंत्र) उतरवताना पडणं आणि रात्री एकटीने उठून पडणं यात फरक आहे.

शेवगा
वाचला. दोघींनी मिळून उतरवायचं असताना एकीनेच उतरवलं होतं. नंतर लिफ्टचं ट्रेनिंग झाल्याची नोंद आहे.

हिशोबनीस
दाखल करण्याच्या कागदांवर सही करताना दोन गोष्टी. "रिस्पॉन्सिबल पार्टी" म्हणून तुमच्या स्वतःच्या खिशाची हमी मागता येत नाही. सही करायची ती आईच्या वतीने, तसं लिहून. आणि गठ्ठ्यात आर्बिट्रेशनचा (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याचा) कागद असतो. त्याच्याशिवाय दाखल करणार नाही असं ते म्हणू शकत नाहीत. केलीच सही तर 30 दिवसांत मागे घेता येते.

रात्रपाळी
पोचल्या दिवशी नर्ससमोर दोन्ही टाचा आणि माकडहाड बघा, तारखेसह फोटो काढा. लाली दिसली तर बोटाने दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, पांढरं होतच नसेल तर बेडसोअरची सुरुवात. हॉस्पिटलातून आलं की इथे झालं, हा वाद पुढे होतोच.

शेवगा
दाखल केलं. उजवी टाच लाल आहे, दाबल्यावर पांढरी होत नाही. नर्सला चार्टवर लिहायला लावलं, टाचेखाली उशी आत्ता आणतायत.