मदत हवी: पीटीच्या तासाला अर्धी आठवी बसून राहते

पेठकर_सर: शिट्टी वाजली की निम्मा वर्ग भिंतीच्या सावलीला. कुणाचं पोट दुखतं, कुणी बूट विसरलं. दहा-बाराजण खेळतात, तेही ठरलेलेच. ओरडून झालं, डायरीत शेरे देऊन झाले. गुरुवारी पुन्हा तास आहे. खेळ सुचवा, उपदेश नको.

मैदानमाप: सर, पट किती? मैदान केवढं, माती की फरशी? तास किती मिनिटांचा? सध्या काय खेळवता?

नाचणीसत्त्व: मुलं सकाळी नुसता चहा-बिस्किट खाऊन येतात. नाचणीची आंबील किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ सुरू करा, अंगात ताकद असेल तर पळतील.

पेठकर_सर: पट 54. फरशी, अंदाजे 20 बाय 16 मीटर. तास 35 मिनिटं. खो-खो घेतो. आहाराचं विचारलेलं नाही.

मैदानमाप: मग उत्तर आकड्यांतच आहे. पाटीवर आठ, पाठलागावर एक, पळणारे तीन. बाराजण खेळात, उरलेल्या 42 जणांना बसण्यावाचून दुसरं काम नाही. त्यात जो पहिल्यांदा बाद होतो त्यालाच सरावाची जास्त गरज असते, आणि तोच सगळ्यांत जास्त वेळ बाहेर.

खोखोचा_पुणेकर: खो-खोला बोल लावू नका. त्याचे नियम डेक्कन जिमखान्यानं बसवले, 2022 ला अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम बालेवाडीत झाला. पुण्यातल्या पोरांना खो-खो नको म्हणायचं? पाटी छोटी करा. पाच बसलेले, दीड-दीड मीटरवर, एक पाठलागाला, दोन पळणारे, डाव एका मिनिटाचा. आवारात अशा चार पाट्या मावतात. पहिले दोन आठवडे दिशा न बदलण्याचा नियम सोडून द्या, नवी मुलं तिथेच गोंधळतात. हात लागण्याआधी उठणं मात्र पहिल्या दिवसापासून फाऊल. फरशीवर सूर मारू देऊ नका, कोपरं सोलतात.

मैदानमाप: चार पाट्यांवर 32 झाले. उरलेल्या 22 जणांचं काय?

खोखोचा_पुणेकर: दर मिनिटाला बदली.

शिस्त_प्रथम: आधी कवायत पक्की करा. रांग नाही तिथे खेळ नाही.

पेठकर_सर: रांग आहे हो. उशिरा येणाऱ्याला पाच फेऱ्याही देतो.

मैदानमाप: फेऱ्या आजच बंद करा. धावणं शिक्षा म्हणून दिलं की धावणं म्हणजे अपमान हेच डोक्यात बसतं, मग खेळातलं धावणंही टाळतात. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपण यांच्यातले आहोत असं वाटणं. तुमच्या तासात भिंतीशी बसलेल्यांना यातलं काहीच मिळत नाही.

आठवीची_आई: सर, गुरुवारी मुलींच्या अंगात काय असतं?

पेठकर_सर: पिनाफोर. पीटीचा गणवेश शनिवारी.

आठवीची_आई: हे आधी सांगायला हवं होतं! पिनाफोरमध्ये पाटीवर उकिडवं बसून झटकन उठायचं, तेही मुलांसमोर? पोट त्यामुळेच दुखतं. गुरुवारी आतून ट्रॅकपँट घालायची परवानगी काढा. आणि खरंच पाळीचं दुखत असेल तर चारचौघांत कारण विचारू नका. वेळ मोजणं, गुण लिहिणं अशी कामं द्या, बरं वाटलं की तिची ती येईल.

दहावी_पालक: यातून दहावीचे क्रीडा गुण मिळतात का?

मैदानमाप: नाही, ते स्पर्धांसाठी असतात. कृपया वेगळा धागा काढा.

सर, गुरुवारी विषामृत घ्या. त्यात बाद झालेला परत खेळात येतो, हाच त्याचा मोठा गुण. आवाराचे चार चौकोन करा, 10 बाय 8 मीटरचे. रेषा खडूने, फरशीवर फक्की टाकली तर पाय घसरतात. प्रत्येक चौकोनात दोन विष, दोन अमृत. आठवीत मुलगे-मुली एकमेकांना हात लावायला बिचकतात, म्हणून कमरेच्या पट्ट्यात अर्धा मीटर लांब, 5 सेंमी रुंद फीत खोचायची. विषाने ती ओढली की जागीच थांबून हात वर. अमृताकडे पाच जादा फिती, त्यातली एक मिळाली की पुन्हा पळायचं. दर तीन मिनिटांनी विष-अमृत बदला, नाहीतर चपळ मुलंच विष होऊन बसतात. तिसऱ्या डावानंतर एखादा नियम गटालाच ठरवू द्या.

खोखोचा_पुणेकर: आणि पुढच्या आठवड्यात छोटी पाटी. विषामृतातली हुलकावणी तिथे कामाला येते.

पेठकर_सर: पटलं. पण 54 फिती कुठून आणू? आणि गट पाडायचे कसे? आत्ता दोन कप्तान एकेक नाव पुकारतात, त्यात दहा मिनिटं जातात.

आठवीची_आई: एका जुन्या सुती साडीत सगळ्या फिती निघतात, जादाच्याही. शेवटी उरलेल्या मुलीला काय वाटतं ते बघा आणि ते नाव पुकारणं थांबवाच.

मैदानमाप: हजेरी क्रमांकाला 4 ने भागायचं, बाकी 1 उरली तर पहिला चौकोन, 2 तर दुसरा, 3 तर तिसरा, शून्य तर चौथा. दोन गट 14 चे, दोन 13 चे होतील. प्रत्येकानं थेट आपल्या चौकोनात जाऊन उभं राहायचं, हजेरी तिथेच घ्या.