बुलेटप्रूफ जाकिटावरची ‘लेव्हल ३’ नेमकी कोणाची?

मिऱ्याकाठचा (प्रश्न)

रत्नागिरीतील एका खासगी सुरक्षा संस्थेत मी पर्यवेक्षक आहे. एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीबरोबर आमची माणसे लांजा, राजापूर, देवरुख अशी रोज फिरतात. त्यांच्यासाठी नवीन जाकिटे घ्यायची म्हणून दोन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली. एकाने ‘लेव्हल थ्री-ए’, वजन अडीच किलो असे लिहिले आहे. दुसऱ्याने नुसते ‘लेव्हल थ्री’, वजन साडेसात किलो. रोकड मोजण्याच्या खोलीला काच बसवायची आहे, तिच्या दरपत्रकावरही ‘लेव्हल ३’ आहे. कार्यालयात सर्वांचे म्हणणे असे की ‘ए’ लागले म्हणजे माल वरचा, आणि वजनाने हलका असेल तर दुधात साखरच. हे बरोबर आहे का? शिवाय जुनी चार जाकिटे गाडीतच पडून असतात, त्यांना आता कुबट वास येतो. ती अजून वापरता येतील का?

हर्णैकर

मी निवृत्तीपूर्वी शस्त्रभांडारात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कार्यालयातला समज नेमका उलटा आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या, म्हणजे एनआयजेच्या, २००८ सालच्या ०१०१.०६ या मानकात चढता क्रम टू-ए, टू, थ्री-ए, थ्री, फोर असा आहे. ‘ए’ लागलेली पातळी त्या अंकाच्या खालची असते. थ्री-एपर्यंतच्या तिन्ही पातळ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांसाठी आहेत. थ्री आणि फोर रायफलसाठी. वजनातला फरक तिथूनच येतो, कारण पहिल्या प्रकारात नुसते कापडी थर असतात आणि दुसऱ्यात टणक प्लेट लागते.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांवरून पाहा. ‘टू’ पातळीच्या चाचणीत ८ ग्रॅमची ९ मिलिमीटर गोळी सेकंदाला ३९८ मीटर वेगाने मारतात. तिची ऊर्जा सुमारे ६३० ज्यूल भरते. ‘थ्री’च्या चाचणीत ७.६२ मिलिमीटरची ९.६ ग्रॅमची गोळी ८४७ मीटर वेगाने येते, आणि ऊर्जा ३,४०० ज्यूलच्या वर जाते. थ्री-एची चाचणी .४४ मॅग्नम आणि .३५७ सिग या गोळ्यांनी होते, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरती ती उत्तमच आहे. पण रायफलची टोकदार, वेगवान गोळी त्या कापडातून आरपार जाईल असेच धरून चालावे. ‘फोर’ला .३० चिलखतभेदी गोळी ८७८ मीटर वेगाने मारतात.

गोळी अडली म्हणजे माणूस वाचला, असेही नाही. चाचणीत जाकिटामागे मऊ मातीचा ठोकळा ठेवतात. आपल्या गणपतीच्या कारखान्यातल्या शाडूसारखी ती दिसते, फक्त तेलकट असते आणि वाळत नाही. गोळी अडल्यावर त्या मातीत पडलेला खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असता कामा नये. एवढा खड्डा मान्य आहे याचा अर्थ बरगडी मोडण्याइतका मार बसू शकतो, हे आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवावे.

विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा तो मानकाच्या नावाचा. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७०५१ हे २०१८ पासूनचे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात सहा पातळ्या आहेत, सहावी ७.६२ × ५४ आर या चिलखतभेदी-आगलाव्या गोळीची. डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये जे हलके जाकीट जाहीर केले ते याच सहाव्या पातळीचे. त्यामुळे भारतीय तीन आणि अमेरिकन थ्री यांची सांगड घालू नये. त्यात भर म्हणून अमेरिकनांनी २०२३ मध्ये नावेच बदलली: टू आता एचजी१, थ्री-ए एचजी२, थ्री आरएफ१, फोर आरएफ३, आणि मध्ये आरएफ२ ही नवी पातळी. टू-ए काढूनच टाकली.

दुसरा प्रश्न प्लेटचा. ती एकटी वापरायची आहे, की कापडी जाकिटावर चढवल्यावरच तिची पातळी लागू होते? दुसऱ्या प्रकारची प्लेट नुसती घातली तर कागदावरचा अंक खोटा ठरतो.

लोटे_एमआयडीसी

मी पॉलिमरच्या कामात आहे, म्हणून फक्त कुबट वासाबद्दल लिहितो. केव्हलारसारखे अ‍ॅरामिड, म्हणजे बळकट कृत्रिम धाग्याचे, कापड ओले झाले की त्याची गोळी अडवण्याची ताकद घटते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी धागा कायमचा कमजोर होतो. म्हणूनच ते जलरोधक पिशवीत शिवून बंद केलेले असते. पॉलिथिलिनचे धागे पाणी धरत नाहीत, पण उष्णतेला हळवे असतात, आणि मे महिन्यात बंद गाडीत किती तापते हे आपण जाणतोच. दमटपणा किती महागात पडतो याचे उदाहरण झायलॉनचे आहे. हा धागा केव्हलारहून बळकट मानला गेला होता. २००३ मध्ये अमेरिकेत एका पोलिसाच्या झायलॉन जाकिटातून गोळी आरपार गेली आणि २००५ मध्ये एनआयजेने त्याची मान्यता काढली. ओलाव्याने रेणूच तुटत होते. त्यानंतरच्या ०१०१.०६ मानकात जाकिटे ६५ अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेत दहा दिवस पिंपात घोळवून मग त्यांच्यावर गोळ्या झाडतात. (आमच्याकडे आषाढात ८० टक्के म्हणजे कोरडा दिवस!) आतल्या पिशवीची शिवण उसवली असेल किंवा पिशवी भेगाळली असेल, तर ते जाकीट बाद समजा.

देवगडकर_बँकवाले

काचेचे कोष्टक आणखी निराळे आहे. अमेरिकेच्या यूएल ७५२ या मानकातील लेव्हल ३ ही .४४ मॅग्नमसाठी आहे, म्हणजे जाकिटाच्या थ्री-एच्या जवळची, रायफलची नव्हे. युरोपच्या ईएन १०६३ मध्ये बीआर१ ते बीआर७ असे वर्ग असून .४४ मॅग्नम बीआर४ मध्ये येते. त्यापुढे ‘एनएस’ अक्षरे आहेत का ते पाहावे: गोळी अडल्यावर आतल्या बाजूला काचेचे तुकडे उडत नाहीत असा त्यांचा अर्थ आहे. नुसते ‘एस’ असेल तर खिडकीमागे बसलेल्या रोखपालाच्या डोळ्यांचा प्रश्न उरतोच.

मिऱ्याकाठचा

आपणा सर्वांचे आभार. जुन्या जाकिटांची कव्हरे काढून पाहिली. लेबलवर ‘थ्री-ए, ०१०१.०४’ असे असून उत्पादनाचे वर्ष २००९ आहे. दोन जाकिटांच्या आतल्या पिशव्या फाटलेल्या आहेत. आणखी एक विचारतो: आमच्याकडे भीती रायफलपेक्षा कोयत्याची आणि गावठी कट्ट्याची आहे. थ्री-ए पुरेल का?

हर्णैकर

०१०१.०४ हे २००० सालचे मानक, आणि उत्पादक साधारण पाच वर्षांचीच हमी देतात. चारही जाकिटे बाद करा. ज्यांच्या पिशव्या शाबूत आहेत तीसुद्धा. कोयत्याबद्दल मात्र कोणत्याही गोळीच्या पातळीवर विसंबू नका. भोसकण्यापासूनच्या संरक्षणाचे एनआयजेचे ०११५.०० हे वेगळे मानक आहे आणि दोन्हींची चाचणी झालेली जाकिटे मिळतात. दरपत्रकात तसे स्पष्ट लिहून मागा. कट्ट्याचे उत्तर इतके सोपे नाही. त्यात पुष्कळदा .३१५ चे, म्हणजे मुळात रायफलचे, काडतूस घातलेले असते, आणि ते या कोष्टकांत नाही. रानडुकरांसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीतले शिसेही नाही. दिवसभर गाडीत चढ-उतार करणाऱ्या माणसाला मी थ्री-एच देईन, कारण साडेसात किलोचे जाकीट लांज्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत आसनाखाली गेलेले असेल. रायफलच्या प्लेटा दोन घेऊन गाडीत ठेवा, आणि बाद जाकिटे कापून टाका, म्हणजे कोणी ती पुन्हा अंगावर चढवणार नाही.