नागपुरात इकॉलॉजी शिकवायची तर वाघ नको, एक तळं द्या

सागवानी:
बीएस्सीला सीबीझेड (रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) घेतलेल्या नागपूरच्या पोरांना विचारा, इकॉलॉजीचं प्रॅक्टिकल काय केलं? कॉलेजच्या मैदानात क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीची चौकोनी चौकट, टाकून गाजरगवत मोजलं, जर्नलवर सही घेतली, आणि हिवाळ्यात पेंच नाहीतर ताडोब्याची सहल. जिप्सीतून वाघ दिसला की सगळे खूश.

माझं म्हणणं आहे, ही सहल बंद करा. प्रत्येक कॉलेजने एक जागा धरावी: अंबाझरीचा काठ, फुटाळा, गोरेवाडा, सेमिनरी हिल्सचा एखादा उतार. तिथे दर वर्षी, त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने नोंदी घ्याव्यात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, जलपर्णी किती पसरली, हिवाळ्यात बदकं कोणती आली, पळस कधी फुलला. निसर्गातला बदल वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तो कळणं हाच तर या विषयाचा गाभा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं. त्या पुराने तळ्यातल्या जीवांचं काय केलं हे सांगायचं तर पुराआधीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी हाताशी लागतात. ते काम बीएस्सीच्या मुलांकडून का करून घेऊ नये?

भंडाऱ्याची_पोर:
दादा, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. सीएसआयआर-नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा, तिच्या लाइफ सायन्सेसमध्ये तेरा घटक आहेत, त्यातला इकॉलॉजीच्या तत्त्वांचा एक. उत्क्रांती आणि प्राणिवर्तनाचा आणखी एक धरा. बाकी बहुतेक सगळं रेणू, पेशी, जनुकं, शरीरक्रिया. घरचे धान विकून माझ्या हॉस्टेलचे पैसे भरतात. शनिवार तळ्यावर घालवू की बायोकेमिस्ट्री करू? नोंदवही कॉलेजची भरेल, परीक्षा माझी राहील.

उमरेड_रोड:
इकॉलॉजी शिकून पोट भरत नाही, असं नका समजू जी. मी खाणींच्या पर्यावरण अहवालांवर काम करतो. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासणं) अधिसूचनेनंतर या कामात इकॉलॉजीचा तज्ज्ञ लागतोच. प्रकल्पाआधीच्या मूळ परिस्थितीची पाहणी बहुतेक प्रकल्पांत एकाच ऋतूत उरकतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. आता आपलं जंगल पानझडीचं, कोरडं. बेडूक, गवतं, भुईवरची लहान फुलझाडं, सगळं पावसाळ्यात वर येतं. एप्रिलमध्ये जाऊन काय लिहाल? वाळलेल्या काडीवरून गवत ओळखणारी पोरं आम्ही शोधून राहिलो, भेटत नाहीत. जर्नलमध्ये आकृत्या सुरेख काढलेल्या असतात, पण समोर झाड दाखवलं की गप्प. ज्याने तीन वर्षं एकच काठ पाहिला त्याला मी उद्या कामावर घेतो.

खारीचा_वाटा:
मी संशोधनात आहे आणि माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. रानपिंगळ्याचं, म्हणजे जंगलातल्या एका लहान घुबडाचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला दिसला नव्हता. रिचर्ड माइनरत्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात १९१४ चा, गुजरातचा म्हणून एक नमुना होता आणि शोधणारे त्याच्या मागे गेले. तो चोरलेला जुना नमुना होता, चिठ्ठी बदललेली. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासून ती लबाडी उघडी पाडली, खऱ्या जुन्या नोंदी धरल्या, आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पक्षी सापडला. तिथे लबाडी होती, पण प्रामाणिक चुकीनेही माणूस तसाच भरकटतो.

दुसरं, वाघ. पूर्वी पायाच्या ठशांवरून मोजत. २००६ पासून कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि संख्याशास्त्र आलं. देशातल्या वाघांचा २०२२ चा ३,६८२ हा आकडा अंदाज आहे. कमीत कमी ३,१६७, जास्तीत जास्त ३,९२५. अंदाजाला असा पल्ला का द्यावा लागतो हे कळत नसेल, तर अशा मुलाने बदकं मोजून काय साधणार? आधी पक्कं संख्याशास्त्र शिकवा, मग काठावर न्या.

सागवानी:
@खारीचा_वाटा, तुमचं अर्धं मान्य. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहायचे, शंका असेल तिथे फोटो. पण "आधी" हा शब्द मला मान्य नाही. शेजारी उभ्या दोघांची मोजणी जुळत नाही, त्याच सकाळी संख्याशास्त्राची गरज मुलाला पटते. वर्गात फळ्यावर ती पटत नाही.

मुलीची_आई_मानेवाडा:
मुलीला वनसेवेत जायचं आहे. मग थेट पर्यावरणशास्त्राची पदवी घेतलेली बरी का?

उमरेड_रोड:
ताई, जपून. भारतीय वनसेवेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन-पशुवैद्यक यांपैकी एक तरी विषय लागतो. नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. नुसतं पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही. सीबीझेड घेतलं तर ही अडचण येत नाही.

पाठाची_वही:
मी शिकवते. मोठी बॅच घेऊन तळ्यावर जाणं कागदावर सोपं दिसतं. तास दोन-तीन, जाण्यायेण्यात त्यातला एक जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. काठावर पाय घसरला तर जबाबदारी माझी. शिवाय मुलींच्या घरी पहाटेच्या पक्षी-मोजणीबद्दल मी काय सांगू? सहल वर्षातून एकदा असते, परवानगी एकदाच काढावी लागते. म्हणून ती टिकली आहे.

सागवानी:
मॅडम, मग पहाटेचं सोडा. सकाळी आठला जा, चार-चारच्या गटाने, आलटूनपालटून. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आलेच आहेत. ते गूगलवरून उतरवलेल्या फायलींवर खर्च होण्यापेक्षा तळ्यावर खर्च होऊ द्या.

भंडाऱ्याची_पोर:
क्रेडिट मिळणार असतील तर मी येईन, आणि मनापासून मोजेन. पण परीक्षेत नोंदवहीला खरे मार्क हवेत, नुसती सही नको. आणि दर आठवड्याचं बसभाडं कॉलेजने द्यावं. सहलीचे पैसे आमच्याकडूनच घेता, तेच इकडे वळवा.