नासाचं ८३७ नंबरचं एफ-१५ निवृत्त केलं, तर हवाई दलाला का दिलं नाही?

मेकॅनिकल_शिवाजीपेठ:
मंडळी, सेमिनारला नासाचं एनएफ-१५बी घेतलंय, म्हणजे तेच ८३७, अमेरिकन एफ-१५ लढाऊ विमानात फेरफार करून चाचण्यांसाठी वापरलेलं. शेवटचं उड्डाण जानेवारी २००९. कॅनार्ड (पुढचे छोटे पंख) काढून, वळणाऱ्या नोझलऐवजी (इंजिनाचं मागचं तोंड) साधी लावून ते हवाई दलाला का दिलं नाही? आणि असलं विमान प्रदर्शनात उभं करण्याआधी त्यातनं काय काय काढतात? सर हमखास विचारणार.

गोकुळशिरगाव_टूलरूम:
चार बोल्ट खोलायचं काम वाटलं काय भावा? ते कॅनार्ड म्हणजे एफ/ए-१८ च्या शेपटीचे आडवे पंख, फेरफार करून इनटेकच्या (इंजिनात हवा जायचं तोंड) बाजूला बसवलेले. पुढं पंख आला की लिफ्टचं केंद्र पुढं सरकतं, नाक वर पळायला बघतं. ते आवरायला चार चॅनलचं डिजिटल फ्लाय-बाय-वायर (संगणक आणि तारांतून चालणारं नियंत्रण) घातलं आणि स्टिकपासून मागं जाणारी यांत्रिक जोडणी काढून टाकली. साध्या एफ-१५ मध्ये ती असते. नोझल कुठल्याही बाजूला २० अंशांपर्यंत वळायचं, तो आडवा जोर पेलायला इंजिनाचे माउंटसुद्धा मजबूत केलेले. हे सगळं उलटं फिरवण्यापेक्षा नवीन विमान स्वस्त पडेल. त्यात एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) १९७३ ची, पहिलं दोन आसनी एफ-१५. स्क्वाड्रनमध्ये ते कधी नव्हतंच.

उजळाईवाडी_रनवे:
वरचं बरोबर, पण खरी गोम सुट्या भागांत. जगात असं एकच विमान, म्हणजे एखादं कंट्रोलर कार्ड गेलं तर दुसऱ्या विमानाचं काढून लावायची सोय नाही. सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल केला तरी आधी सिम्युलेटर, मग जमिनीवरच्या चाचण्या, मगच उड्डाण. हातात प्रश्न असेल तोवरच हा खर्च पटतो. शेवटच्या वर्षांतला मोठा प्रश्न असा होता: मागचा एक स्टॅबिलेटर (शेपटीचा हलणारा आडवा पंख) संगणकातून मुद्दाम अडकवायचा आणि न्यूरल नेटवर्क (स्वतः शिकणारं सॉफ्टवेअर) बाकीच्या हलणाऱ्या पंख-पात्यांनी विमान कसं सावरतं ते मोजायचं. सेमिनारला यावर जोर दे, कॅनार्डचे फोटो सगळेच दाखवतात. जमलं तर तेजसही जोड. त्याचे कंट्रोल लॉ (उड्डाण नियंत्रणाची सॉफ्टवेअरमधली सूत्रं) १९९६ मध्ये अमेरिकेत असल्याच फेरफार केलेल्या एफ-१६ वर तपासले होते.

पंचगंगा_एअरफ्रेम:
प्रदर्शनाचं सांगतो. पहिलं काम इजेक्शन सीटची काडतुसं, रॉकेट मोटर आणि कॅनॉपी उडवायची काडतुसं काढणं. नुसत्या सेफ्टी पिनवर भागत नाही, आणि हे काम प्रशिक्षित माणसाचंच. मग इंधन उपसून टाक्यांतली वाफ घालवायची. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची. हायड्रॉलिक प्रेशर शून्य झालं तरी ॲक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणारी टाकी) नायट्रोजन कोंडलेला राहतो, तो वेगळा सोडावा लागतो. इथं हमखास चूक होते. बॅटरी, ऑक्सिजन बाहेर. लँडिंग गिअरचे सील कालांतराने गळतात आणि विमान एका बाजूला बसतं, म्हणून स्ट्रटला (चाकाच्या दांड्याला) आधार. इनटेक-एग्झॉस्टला जाळी, नाहीतर पारवे घर करणार.

आपल्याकडच्या पावसात मात्र पोटाखालची ड्रेन होल आधी बघा. रंगवताना ती बुजतात, आत पाणी साचतं आणि स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला लागतात तिथून पांढरी पूड सुटते.