सीमाभागातली मराठी बातमी व्ह्यूजवर जगेल का?

मार्कंडेयकाठ

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आता गल्लीगणिक एक यूट्यूब चॅनल आणि पेठेगणिक एक न्यूज पोर्टल झालंय. माझं म्हणणं असं की व्ह्यूजच्या पैशावर इथली मराठी बातमी उभी राहणार नाही, आणि व्ह्यूज वाढवायची धडपडच तिला खाऊन टाकेल.

हिशोब मांडून बघा. यूट्यूबवर जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलेले व्हिडिओ लागतात, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो. १०० डॉलर साठल्याशिवाय बँकेत दमडी येत नाही. आता उदाहरणादाखल हजार व्ह्यूजमागे ४० रुपये हातात पडतात असं धरा. महिन्याला ३ लाख व्ह्यूज झाले तर १२,००० रुपये. यात कॅमेरा, एडिटिंग, डेटा आणि खानापूर-कणकुंबी-नंदगड फिरायचं पेट्रोल बसवून दाखवा. वार्ताहराचा पगार तर बाजूलाच.

ग्रामपंचायतीच्या गटारकामाचा व्हिडिओ त्या गावाबाहेर कोण बघणार? दोन-तीन हजार लोक, तेही एकदाच. मग चॅनल काय करतं? 'बेळगावात खळबळ!' असा मथळा, लाल बाण, आणि आत अपघाताचं सीसीटीव्ही फुटेज. ते पुण्या-मुंबईतलेही बघतात. गटार तसंच तुंबलेलं राहतं.

उपाय: गिऱ्हाईक बदला. ६०० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले की ३०,००० होतात. रोज सकाळी ७ वाजता व्हॉट्सॲपवर एक बुलेटिन. हेस्कॉमची वीज आज कुठे नाही, पाणी कधी, एपीएमसीतले (बाजार समितीतले) भाव, राकसकोप धरणाची पातळी (पूर्ण पातळी २,४७५ फूट), आणि सरकारी सूचना मराठीत.

खडेबाजार_कट्टा

हिशोब बरोबर, पण चुकीच्या वहीत मांडलाय बघा. व्ह्यूजच्या डॉलरवर इथलं कुठलं चॅनल जगतंय ओ? खरा पैसा येतो तो सोन्या-साड्यांच्या दुकानांकडून, जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांच्या जाहिरातींतून, दसरा-दिवाळीला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला. व्ह्यूजचा आकडा हा दुकानदाराला दाखवायचा. 'तुमची जाहिरात एवढ्या लोकांनी बघितली' म्हणायला काहीतरी हवं की.

आणि ५० रुपये कोण देणार? एकानं घ्यायचं आणि दोनशे ग्रुपवर फॉरवर्ड करायचं. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. तुमची ६०० घरं एका ग्रुपात बसली, त्यात एकच भामटा असला तरी पुरे. फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरता बांधलाय हे खरं, पण कॉपी-पेस्टला कुठलं बंधन आलंय?

मोठा मुद्दा राहिलाच. छापील दैनिकाचं तालुका पान रात्री बंद होतं. त्यानंतर खानापूर रस्त्यावर झाड पडलं तर ते परवाच्या अंकात. मोबाईल असलेल्या पोरानं ती कोंडी फोडली. त्याला नावं ठेवायची आणि वर त्याचं गिऱ्हाईकही तोडायचं, हे काही पटत नाही.

मुद्रितशोधक

पैशाचं तुम्ही दोघं बघून घ्या. मला भाषेचं सांगायचंय, कारण सीमाभागातल्या पोर्टलची सगळ्यात मोठी चूक तिथे होते आणि तिला कोणी चूकही म्हणत नाही.

प्रेसनोट येते कन्नडमध्ये. वेळ नसतो, म्हणून मशीनला घालतात किंवा अंदाजाने मराठी करतात. दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द इथेच दगा देतात. कन्नडमधलं 'कामगारि' म्हणजे बांधकामाचं काम. त्याचं मराठीत 'कामगिरी' झालं की रस्त्याचं काम अर्धवट राहिल्याची बातमी 'कामगिरी अर्धवट' अशी छापून येते. 'अनाहुत' म्हणजे कन्नडमध्ये दुर्घटना, आपल्याकडे 'अनाहूत' म्हणजे न बोलावता आलेला. 'अवांतर' तर पावसाळ्यात हमखास. कन्नड मथळ्यात 'मळे अवांतर' म्हणजे पावसाने उडवलेली दाणादाण. आपल्याकडे अवांतर म्हणजे विषय सोडून केलेली बडबड. 'संसार' शब्दही तसाच, तिकडे तो बायको-कुटुंबासाठी चालतो.

हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण नोटीस जमिनीची असली की हसू येत नाही. हरकत घ्यायची मुदत, सर्व्हे नंबर, गुंठे, जाहीर झाल्याची तारीख या चार गोष्टी मूळ कन्नड कागदाशी दोनदा ताडून बघाव्यात आणि मूळ पानाचा फोटो बातमीसोबत जोडावा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील त्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण कागदावर कधीचं आहे. ते अमलात येईपर्यंत हे काम पोर्टलवरच पडणार, आणि त्यासाठी कन्नड नीट वाचणारा माणूस लागतो. कॅमेऱ्याआधी तो नेमा.

दूधगंगा_वेदगंगा

मार्कंडेयकाठ, सकाळी ७ चं बुलेटिन बेळगाव शहरात चालेल. निपाणी-चिक्कोडीत पावसाळ्यात सातला लिहिलेलं नऊला खोटं ठरतं. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिद्धनाळ-अक्कोळ, मलिकवाड-दत्तवाड, भोजवाडी-कुन्नूर. या बंधारा-पुलांवर पाणी कधी चढलं ते तासातासाला कळावं लागतं. दूधवाला, शाळेची गाडी, शेतावर जाणारी माणसं, सगळे त्यावर अवलंबून. इथे लाइव्ह करणारी पोरंच कामाला येतात. कट्टेवाल्यांचं म्हणणं इथपर्यंत मान्य.

पण त्याच लाइव्हनं घोटाळाही होतो. पुलावर पाणी आल्याचा व्हिडिओ पाणी ओसरल्यावरही फिरत राहतो. पुढच्या वर्षी जुलैत तोच पुन्हा वर येतो आणि लोक दहा-वीस किलोमीटर वळसा घालून जातात. २०१९ च्या महापुराची क्लिप तर दर पावसाळ्याला कुठून ना कुठून उगवतेच. करायचं काय ते सांगतो. तारीख आणि वेळ मथळ्यात टाकून भागत नाही, कारण क्लिप डाउनलोड झाली की मथळा मागे राहतो. ती चित्रातच कोरा, कोपऱ्यात नव्हे तर मध्याजवळ, कोपरा कापून टाकतात. बोलणाऱ्यानं पहिल्या पाच सेकंदांत गाव, वार, तारीख तोंडानं म्हणावी. पूल मोकळा झाला की जुन्या व्हिडिओचं शीर्षक बदलून 'पूल खुला' करावं, आणि पहिली पिन केलेली कॉमेंटही तीच.

आकड्यांचंही तसंच. राजापूर बंधाऱ्यातून येणारा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग मिळून कल्लोळजवळ कृष्णेत किती क्युसेक, ते रोज जाहीर होतं. एकटा राजापूरचा आकडा देऊन 'कृष्णेला महापूर' म्हणणं अर्धवट. आणि धरणातून पाणी 'सोडलं' आणि धरण 'भरलं' यात फरक आहे, हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

खडेबाजार_कट्टा

बरोबर. पण शीर्षक बदललं की व्ह्यूज पडतात म्हणून बदलत नाहीत, हे पण लिहा.

दूधगंगा_वेदगंगा

लिहिलं. तुम्हीच लिहिलंत.

उद्यमबाग_फाउंड्री

इकडे अजून कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. बेळगाव-हुबळी पट्ट्यातल्या नव्या कंपन्यांच्या बातम्या. पोर्टलं प्रेसनोट जशीच्या तशी चिकटवतात: 'बेळगावच्या तरुणाच्या स्टार्टअपला कोटींचा निधी'. वाचणारा बापडा मुलाला नोकरी सोडून धंद्यात घालायला निघतो.

तपासणं अवघड नाही. सामंजस्य करार, म्हणजे एमओयू, हा निधी नव्हे. बँकेचं कर्ज निधी नव्हे. शेअर देऊन खरंच पैसा आला असेल तर कंपनीला पास-३ हा फॉर्म कंपनी निबंधकांकडे भरावा लागतो. खासगी वाटपाला, म्हणजे निवडक लोकांनाच शेअर दिले तर, मुदत १५ दिवस. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून एका कंपनीची कागदपत्रं कोणालाही बघता येतात. त्यात किती शेअर, काय भावाने, कोणाला, सगळं दिसतं. शंभर रुपयांत जी बातमी होते ती फुकटच्या प्रेसनोटमधून होत नाही. प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीची) किंवा भागीदारी फर्म असेल तर मात्र हा रस्ता बंद, तिथे जीएसटी नोंदणी चालू आहे की रद्द एवढंच कळतं.

आणि एक खटकतं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांचे (ओतकाम कारखान्यांचे) वीजदर, कच्च्या लोखंडाचे भाव, हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमधली (विमानाचे भाग बनवणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रातली) कामं, यावर मराठीत नीट लिहिणारं जवळजवळ कोणी नाही. महिन्याला ५० कशाला, इथला लेथवाला ५०० देईल. पण त्याला अपघाताचं फुटेज नकोय.

मार्कंडेयकाठ

उद्यमबागकरांनी माझीच बाजू मांडली. कमी वाचक, पण ज्याला गरज आहे तो पैसे देतो. फॉरवर्डची भीती मला तेवढी वाटत नाही; भाव आणि वीजबंदीची बातमी दुपारी शिळी होते, फॉरवर्ड होऊन होऊन किती होणार?

दूधगंगाकरांचा मुद्दा मान्य. पुराचं फुकटच दिलं पाहिजे, त्याला कुंपण घालणं बरं नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक-महाराष्ट्र बससेवा थांबली तेव्हाही तसंच. लोकांना एवढंच हवं होतं की गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे काय. बहुतेक ठिकाणी मिळाला तो घोषणाबाजीचा व्हिडिओ.

ग्रंथालय_गल्ली

कोणीच साठवणुकीचं बोललं नाही. बेळगावात मराठी दैनिकाची परंपरा १९१९ पासूनची, 'तरुण भारत' तेव्हा सुरू झाला. आज गुगलवर पाच वर्षांपूर्वीची तालुक्याची बातमी शोधा. ई-पेपर चित्राच्या रूपात चढवलेला, मजकूर सापडतच नाही. जुनी पानं युनिकोडआधीच्या फाँटमध्ये. ती कॉपी केली की नुसती अक्षरांची खिचडी. यूट्यूबवाल्यांची गत त्याहून वाईट. चॅनल गेलं की सगळं गेलं. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक ९० दिवसांत आले की चॅनल बंद होऊ शकतं.

इथे गल्लत होते म्हणून सांगतो: शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मागे डीजेवर गाणं वाजतं, त्यावर येतो तो बहुधा 'क्लेम', स्ट्राइक नव्हे. त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, चॅनलला धोका नाही. स्ट्राइक येतो तो दुसऱ्याचं फुटेज उचललं आणि त्यानं रीतसर तक्रार केली की. मिरवणुकीचा आवाज बंद करून निवेदकाचा आवाज घाला, प्रश्न मिटला.

आणि प्रत्येक व्हिडिओखाली १५० शब्दांचा मजकूर स्वतःच्या साइटवर टाका. गावाचं नाव दोन्ही रूपांत, बेळगाव आणि बेळगावी. लोक दोन्ही शोधतात.

मुद्रितशोधक

'बेळगावी' लिहिल्यावर काही वाचक चिडतात.

ग्रंथालय_गल्ली

मथळ्यात नका लिहू, मजकुरात एकदा येऊ द्या. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच नाव आहे, कागद शोधणाऱ्याला तेच टाकावं लागतं.

न्यायालय_आवार

एक दुरुस्ती. 'आमचं चॅनल सरकारमान्य' म्हणून जो नंबर पाटीवर लावतात तो बऱ्याचदा उद्यम नोंदणीचा असतो. ती धंद्याची नोंद, बातमीचा परवाना नव्हे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिक नोंदणी कायदाही छापील अंकांपुरताच आहे. डिजिटलसाठी २०२१ चे आयटी नियम आहेत: तक्रार अधिकारी नेमा, २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल. त्यातल्या आचारसंहितेबद्दलच्या ९(१) आणि ९(३) या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, म्हणून 'आम्हाला काही लागू नाही' असा समज पसरलाय. भारतीय न्याय संहितेची मानहानीची कलम ३५६ आणि दोन समाजांत तेढ लावण्याची कलम १९६ सगळ्यांनाच लागू. सीमाभागात भाषेवरून मथळा देताना दुसरी आठवावी.

खडेबाजार_कट्टा

हे सगळं केलं तर ५० रुपयांत परवडणार नाही ओ. कन्नड वाचणारा माणूस, साइट, मजकूर, तक्रार अधिकारी. मग शेवटी वाढदिवसाची जाहिरात घ्यावीच लागणार.

मार्कंडेयकाठ

घ्या की. फक्त तिच्यावर 'जाहिरात' असं लिहा, आणि ज्याची घेतलीत त्याच्या वॉर्डातलं गटार त्या महिन्यात सोडू नका. हे कोण करतंय ते दाखवा, मी पहिले ५० रुपये देतो.

खडेबाजार_कट्टा

लिहिलं की जाहिरात निम्म्यावर येते. पुढाऱ्याला ती बातमी वाटायला हवी असते, त्याचेच तर पैसे असतात.