उपनगरी अस्वस्थता: मांडून दाखवावी की शोधून काढावी?

धागाकर्ता

अमेरिकी उपनगरांतील दबलेल्या अस्वस्थतेची छायाचित्रे म्हटले की ग्रेगरी क्रूडसन यांचे नाव आधी घेतले जाते. ‘ट्वायलाइट’ (१९९८ ते २००२) आणि त्यानंतरच्या ‘बिनीथ द रोझेस’ या मालिकांसाठी त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील गावांत चित्रपटाच्या चित्रीकरणासारखा ताफा नेऊन, क्रेनवर दिवे चढवून आणि धूर सोडून एकेक चौकट उभी केली. माझा आक्षेप असा आहे की, इतक्या तयारीत प्रेक्षकाला काय वाटले पाहिजे हेही आधीच ठरून जाते. संधिप्रकाश, गाडीचे उघडे दार आणि शून्यात पाहणारी स्त्री दिसली की आपण सांगितल्यासारखे अस्वस्थ होतो.

याउलट बिल ओवेन्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर परिसरात लोकांना त्यांच्याच घरांत टिपले आणि छायाचित्रांखाली त्यांचेच शब्द छापले. स्वयंपाकघरात बाळाला भरवणारे एक जोडपे आपण खरोखर सुखी असल्याचे सांगते. ते वाक्य वाचून मला जी हुरहुर लागते, ती क्रूडसन यांच्या कोणत्याही चौकटीपुढे लागलेली नाही.

प्रतिसाद १

पूर्ण असहमत. ओवेन्स यांनीही कोणते घर, कोणता क्षण आणि कोणते वाक्य हे निवडलेच होते. ती निवड आपल्याला दिसत नाही, एवढेच. क्रूडसन यांच्या २००१ मधील पाण्याने भरलेल्या दिवाणखान्यात एक स्त्री उताणी तरंगते आहे, जिन्यावर तिच्या सपाता आहेत आणि दिवे चालू आहेत. हे रचलेले आहे हे पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी कळते, तरीही चित्र त्याला सोडत नाही. फिलिप-लॉर्का डीकोर्शिया यांनी १९७८ मध्ये फ्रिजच्या आत फ्लॅश लपवून, उघड्या दारासमोर उभ्या असलेल्या आपल्या सख्ख्या भावाचे छायाचित्र काढले. प्रकाश बनवलेला होता म्हणून त्या चेहऱ्यावरचा एकटेपणा खोटा ठरत नाही.

प्रतिसाद २

मला दोन्ही बाजूंबद्दल तक्रार आहे, कारण ही अस्वस्थता आली कोठून हे कोणीच विचारत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेविटाउन या उपनगरात १९४७ पासून घरे उभी राहिली, तेव्हा सुरुवातीच्या करारांत श्वेतवर्णीयांखेरीज इतरांना घर वापरू देण्यास मनाई होती. ज्या शांततेचा पायाच कोणाला तरी बाहेर ठेवण्यावर घातला गेला, तिच्यातील भीती केवळ धुक्याने आणि निळ्या उजेडाने दाखवणे मला अपुरे वाटते. शिवाय क्रूडसन यांनी मॅसॅच्युसेट्समधील ज्या गावांत चित्रे काढली त्यांपैकी पिट्सफील्ड हे उपनगरही नव्हे. जनरल इलेक्ट्रिकचे मोठे कारखाने बंद पडल्यामुळे ओसरलेले ते औद्योगिक शहर आहे, आणि त्याला ‘उपनगरी’ म्हटले की तेथील बेकारी दिसेनाशी होते.

प्रतिसाद १

पिट्सफील्डबद्दलचा मुद्दा मान्य आहे. पण करारातील कलम छायाचित्रात कसे दाखवणार? त्या कलमाने घडवलेले एकटे, बंद घर मात्र दाखवता येते.

धागाकर्ता

या वादात लॅरी सुल्तान यांना आणलेच पाहिजे. १९९२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘पिक्चर्स फ्रॉम होम’मध्ये त्यांनी आपल्या आईवडिलांना कॅलिफोर्नियातील त्यांच्या घरांत टिपले, काही चौकटी सहज मिळालेल्या आहेत, काही सांगून बसवलेल्या. एका छायाचित्रात सूट घातलेले वडील पलंगाच्या कडेवर शून्य नजरेने बसले आहेत. हे चित्र दाखवशील तेव्हा पलंगावर बसलेला माणूस मी नसून तू आहेस हे लोकांना सांग, असे वडिलांनी मुलाला बजावले आणि सुल्तान यांनी ती हरकत पुस्तकात तशीच ठेवली. मांडून काढलेल्या छायाचित्राला माझा मुळात विरोध नाही, हे यावरून लक्षात यावे. माझे मागणे एवढेच आहे की, ज्याच्या अंगावर अस्वस्थता चढवली जाते त्याला उलट बोलण्याची जागा मिळावी. क्रूडसन यांनी त्या गावांतील रहिवाशांनाही चौकटीत उभे केले. त्यांतील एकाचाही शब्द त्या चित्रांपाशी नाही, आणि बहुतेक चित्रांना नावही नाही.

प्रतिसाद २

हा निकष लावायचा तर तो ओवेन्स यांनाही लावा. लोकांचे शब्द छापले खरे, पण कोणत्या चित्राखाली कोणते वाक्य येईल हे त्या जोडप्याने ठरवले नव्हते.