बीपी मोजायला कोण होतं?

कोरोनाच्या दोन वर्षांत, २०२०-२१ मध्ये, बाळंतिणी दगावल्या त्या कोरोनानेच, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. विषाणूचा वाटा होताच, दुसऱ्या लाटेत तर फार. त्यात लसीकरण जानेवारी २०२१ला सुरू होऊनही गरोदर बायकांना परवानगी मिळाली २ जुलैला, लाट ओसरल्यावर.

पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात वेगळंच चाललेलं. आशाताई (गरोदर बायकांकडे बघणाऱ्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) कोविडच्या सर्व्हेला जुंपलेल्या, वडाप म्हणजे शेअर जीपगाड्या बंद, गरोदर वहिनीची महिन्याची तपासणी राहिलेली. तिचे पाय इतके सुजले की जोडवी साबण लावून काढली. घरचे म्हणाले, दिवस भरत आले की सुजतंच (हे वाक्य आमच्याकडे सगळ्या आजारांना चालतं). डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा कुठे बेळगावला नेलं, तर एका दवाखान्यात आधी कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागितला. दुसरीकडे बीपी मोजलं, १७०/११०, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं; सूज, डोकेदुखी, अंधारी त्याचीच लक्षणं. तातडीने सिझर केलं म्हणून मायलेकरं वाचली. रिपोर्ट निगेटिव्हच आला. म्हणजे ती गेली असती तरी कोरोनाच्या आकड्यात दिसली नसती. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या बायकांना तर बेळगावच जवळचं, आणि मध्ये राज्याची हद्द, तेव्हा नाक्यावर पुन्हा तोच रिपोर्ट मागायचे.